जीव रमत नाही, म्हणजे काय?

संध्याकाळच्या वेळी एखाद्या दवाखान्यात अर्धा तास बसावे आणि सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांच्या तक्रारी ऐकाव्यात. "अन्नावरची वासनाच उडाली आहे." "अंगात त्राण नाही." "छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो." "पहाटे तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही." डॉक्टर रक्तदाब मोजतात, कार्डिओग्राम काढतात, रक्त तपासायला पाठवतात. चार दिवसांनी रिपोर्ट येतात आणि त्यांत काळजी करण्यासारखे काही नसते. घरी परतताना मुलगा सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतो, "बघ आई, काही झालेलं नाही तुला." आईचा चेहरा मात्र या वार्तेने उजळत नाही. आपल्याला काहीतरी झाले आहे, हे तिला ठाऊक असते. तिच्या परीने तिने ते सांगितलेलेही असते. ऐकणाऱ्यांना ती भाषा कळलेली नसते.

हर्ष, शोक, भय, क्रोध या भावना मनुष्यमात्राला सारख्याच, असे आपण म्हणतो आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु त्या कोणापुढे, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या प्रसंगी प्रकट करायच्या, याचे नियम प्रत्येक समाज आपापले घालून देतो. ते कुठे लिहून ठेवलेले नसतात. मूल बोलायला शिकते तेव्हाच तेही शिकत जाते. आज पंचाहत्तरी-ऐंशीत असलेली पिढी हे नियम स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांतील महाराष्ट्रात शिकली. त्यांची शुश्रूषा करणारी मुले, सुना, नातवंडे निराळ्या वातावरणात वाढली. एका छपराखाली राहणाऱ्या या दोन पिढ्यांमध्ये जे गैरसमज होतात, त्यांतील पुष्कळसे स्वभावदोषामुळे होत नसून या नियमभेदामुळे होतात, असे माझे मत आहे.

प्रथम भाषेचेच पाहू. "मी उदास आहे" हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. पण आपल्या आजीच्या किंवा आजोबांच्या तोंडून ते कधी ऐकल्याचे आठवते का? आजी म्हणते, "जीव रमत नाही." 'जीव' हा आपल्या भाषेतला विलक्षण शब्द आहे. तो लावता येतो, तो तुटतो, टांगणीला लागतो, वरखाली होतो, कासावीस होतो, भांड्यात पडतो आणि कधी नकोसाही होतो. त्यात प्राण, मन आणि देह असे तिन्ही अर्थ एकवटलेले आहेत. अनिष्ट वार्ता ऐकली की काळजात चर्र होते, मायेने पोटात कालवते, लेकरासाठी आतडे तुटते, कृतज्ञतेने ऊर भरून येतो आणि आशा संपली की हातपाय गळतात. ज्या भाषेत दुःखाचा पत्ताच पोट, ऊर आणि काळीज असा दिला जातो, त्या भाषेत वाढलेल्या माणसाने दुःख सांगताना शरीराकडे बोट दाखवले, तर त्यात नवल ते काय?

ही परंपरा जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. अंग ताठरणे, घाम फुटणे, काटा उभा राहणे, आवाज फाटणे, कापरे भरणे, चेहऱ्याचा रंग उडणे, डोळे वाहणे, शुद्ध हरपणे. आठही भाव शरीरावर उमटतात आणि तरीही शास्त्रकारांनी ते अंतःकरणाचेच मानले. मनाचा विकार वेगळा आणि शरीराचा वेगळा, अशी काटेकोर विभागणी दवाखान्यातील विभागांच्या सोयीसाठी ठीक आहे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या अनुभवात ती तशी नसते.

याचा अर्थ असा मात्र नाही की, केवळ आपल्याकडेच असे घडते. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी चीनच्या हुनान प्रांतात 'न्यूरॅस्थेनिया', म्हणजे मज्जासंस्थेचा अशक्तपणा, असे निदान झालेल्या १०० रुग्णांना तपासले. तो अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर आणि थकवा अशा तक्रारी घेऊन आलेल्या त्या शंभरांपैकी ८७ जण नैराश्याच्या आजाराच्या निकषांत बसत होते. सांस्कृतिक क्रांतीची होरपळ नुकतीच सरली होती. मन मोडले आहे असे उघड म्हणणे म्हणजे राजकीय असंतोष दाखवणे, असा अर्थ निघण्याचे ते दिवस होते. डोकेदुखीवर मात्र कोणी संशय घेत नव्हते.

आपल्या शेजारच्या बंगळूरमध्ये, मनोविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या रुग्णांविषयी आर. रघुराम, मिचेल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यासही असेच काही सांगतो. ज्यांच्या तक्रारींत खिन्नतेचा भाग अधिक होता, त्यांना लोकलज्जेची टोचणी अधिक होती. ज्यांच्या तक्रारी शारीरिक होत्या, त्यांना ती कमी होती. कारण उघड आहे. गुडघा कोणाचाही दुखतो. त्याविषयी शेजारणीशी बोलता येते, तेल सुचवले जाते, सहानुभूती मिळते. मन दुखते म्हटले की घरातल्या माणसांकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलते; लग्नाची नात असेल तर तिचाही विचार करावा लागतो. तेव्हा आजी गुडघा पुढे करते, यात ढोंग नाही. तिचा गुडघा खरोखरच दुखत असतो. मन खचलेले असताना वेदना अधिक बोचते, हेही वैद्यकशास्त्राला मान्य आहे.

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की, आपली संस्कृती भावना दडपणारी आहे. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. आपल्या समाजाने भावना बोलून दाखवण्यावर निर्बंध घातले हे खरेच. पण त्याबरोबर त्यांना वाट करून देणाऱ्या जागाही राखून ठेवल्या होत्या. सासुरवाशिणीने सासरी ब्र काढायचा नाही, असा दंडक होता. पण पहाटे जात्यावर बसली की तिला सारे काही म्हणण्याची मुभा होती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. भावाची माया, आईची आठवण, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, वांझपणाचे दुःख, विठ्ठलाशी भांडण असे सारे त्यांत आहे. समोर दुसऱ्या बाजूने खुंटा धरणारी जाऊ किंवा नणंद ते ऐकत असे. आणि घरातल्या इतरांनी ऐकूनही न ऐकल्यासारखे करायचे, हा संकेत होता. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांचे कमरेचे कष्ट वाचले. तो बदल हवाच होता; कोणी पुन्हा दळत बसावे असे मी म्हणणार नाही. पण दळणाबरोबर ती पहाटेची जागाही गेली.

अशा जागा आणखी कितीतरी होत्या. माहेरपण होते, मंगळागौरीचे जागरण होते, भजनी मंडळ होते. पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडता येत असे. चारचौघांत पतीचे नावही न घेणारी स्त्री उखाण्यात मात्र ते हौसेने घेत असे. पुरुषांसाठी गावचा पार होता, देवळाचा ओटा होता. मुंबईत चाळीची गॅलरी होती. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतील सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीतून पुनर्विकासात ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत जाणाऱ्या कुटुंबांचा आनंद रास्तच आहे. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठून सामायिक शौचालयापर्यंत जावे लागत नाही, याचे मोल ज्याने ते भोगले त्यालाच कळेल. मात्र चाळीत दार दिवसभर उघडे असे आणि आजोबांचा चेहरा उतरलेला दिसला की जाणारा-येणारा "काय अण्णा, आज गप्प का?" असे विचारून जाई. बाराव्या मजल्यावरच्या बंद दारामागे हे विचारणारे कोणी नाही. जागा गेल्या आणि निर्बंध तेवढे राहिले, अशा कात्रीत ही पिढी सापडली आहे.

नातेसंबंधांतही हेच. या पिढीतील किती पतींनी आपल्या पत्नीला तोंडभरून "तू मला हवी आहेस" असे म्हटले असेल? बहुधा फार थोड्यांनी. परंतु तिला आवडते म्हणून बाजारातून पिशवीत तळाशी गजरा घालून आणणारे, तिच्या औषधाच्या वेळा घड्याळापेक्षा अचूक पाळणारे पुष्कळ आहेत. आईबाप आणि मुले यांच्यातही मायेचे नाव घेतले जात नाही. "जेवलास का?", "पोचलास की फोन कर", "स्वेटर घातलास ना?" ही त्या पिढीची प्रेमवचने आहेत. घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचे, ही एवढीशी रीतसुद्धा विरहाच्या भयावर घातलेली फुंकर आहे.

नव्या पिढीला यातील काही प्रश्न जाचतात. चाळिशीतल्या सुनेला कामावरून आल्याआल्या "जेवलीस का? काय जेवलीस?" असे विचारले की ती चौकशी वाटते. उलट, नातवाने "मला थोडं एकटं राहू द्या" असे सरळ म्हटले की आजोबांना तो अपमान वाटतो. कारण त्यांच्या लहानपणी घरात एकटे राहू देणे म्हणजे वाळीत टाकणे होते. येथे कोणाचीच चूक नाही. तरीही अशा क्षुल्लक वाक्यांवरून घराघरांत अबोले धरले जातात आणि त्यांतला एखादा अबोला शेवटपर्यंत सुटत नाही.

जी मुले दूरदेशी आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना येथेच करून ठेवतो. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "कसे आहात?" असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते: "आमचं काय, मजेत." मुलाला परक्या देशात काळजी नको, हाही मायेचाच नियम. त्याऐवजी "आज काय केलं होतं जेवायला?" असे विचारून पाहा. "एकट्यासाठी कोण करत बसणार, दूधभात खाल्ला," असे उत्तर दोन-तीन आठवडे लागोपाठ येऊ लागले, तर समजावे की कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन भेटण्याची वेळ झाली आहे. देवपूजा, वर्तमानपत्रातील शब्दकोडे, संध्याकाळचा फेरफटका, मालिकेतील भांडणे यांविषयीही असेच विचारता येते. माणूस मनाने खचतो तेव्हा या सवयी एकेक करून सुटू लागतात, आणि त्यांविषयी बोलायला संकोच वाटत नाही.

पुरुषांची गोष्ट थोडी निराळी आहे. "बाईसारखा रडतोस काय?" हे वाक्य ऐकत वाढलेल्या मुलाला दुःखाची जवळजवळ सर्व दारे बंद होतात, एकच दार उघडे राहते, ते रागाचे. त्यामुळे म्हातारपणी पुरुषाची खिन्नता पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने बाहेर पडते. चहा गार आहे, वर्तमानपत्राची पाने विस्कटली आहेत, विजेचे बिल कोणी पाहिले नाही, या कारणांवरून घर डोक्यावर घेतले जाते. घरातील मंडळी म्हणतात, "यांचा स्वभावच तसा." निवृत्तीनंतर, पत्नीच्या निधनानंतर किंवा ऐकू येणे कमी झाल्यानंतर स्वभावात असा फरक पडला असेल, तर त्याला स्वभाव म्हणू नये. ऐकू न येणे ही तर फारच दुर्लक्षित बाब आहे. चारचौघांतील बोलणे कळेनासे झाले की माणूस आधी हसून वेळ मारून नेतो, मग बसायचे टाळतो आणि शेवटी आपल्या खोलीत राहू लागतो. तेव्हा मनाच्या औषधाआधी कानाची तपासणी करून घ्यावी.

शोकाच्या बाबतीत आपल्याकडे फार तपशीलवार व्यवस्था आहे. दहा दिवसांचे सुतक, दहाव्याचा पिंड, तेराव्याचे गोडजेवण, वर्षश्राद्ध. या दिवसांत घरात माणसांचा राबता असतो आणि तीच ती कहाणी, शेवटच्या रात्री काय झाले, कोण जवळ होते, ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते. आधुनिक समुपदेशकही वेगळे काय सुचवणार? पण चौदाव्या दिवशी पाहुणे पांगतात आणि पलंगाची एक बाजू रिकामी आहे हे तेव्हाच जाणवते. स्त्रीच्या वाट्याला तर याशिवाय कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारखे विधी आले. दुःख तिचे, पण त्याचे प्रदर्शन मांडणार समाज. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे, असे आवाहन केले. मानसिक आरोग्याच्या दृष्टीनेही त्या ठरावाचे मोल मोठे आहे. विधुर पुरुषावर असे निर्बंध नसतात. मात्र स्वयंपाकघरातील डबे कोणते कशाचे हेही ठाऊक नसलेला तो गृहस्थ महिनाभरात अर्धा होतो, आणि त्याने अश्रू ढाळावेत अशी कोणाची अपेक्षाही नसते.

शोक किती काळ चालला म्हणजे तो आजार समजावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'दीर्घकालीन शोकविकार' असे निदान आहे. त्यासाठी तीव्र शोक सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून, त्यामुळे दैनंदिन व्यवहार ठप्प व्हावे लागतात. शिवाय तो त्या व्यक्तीच्या समाजात आणि धर्मात अपेक्षित असलेल्या मर्यादेपलीकडचा असावा लागतो. वर्षश्राद्धापर्यंत सण साजरा न करणाऱ्या आजीला केवळ तेवढ्यावरून कोणी आजारी ठरवू नये, हा त्याचा आपल्यापुरता अर्थ.

आता एका कठीण गोष्टीकडे वळतो. "आता देवानं बोलावणं धाडावं." "पिकलं पान, कधी गळायचं तेवढंच राहिलं." अशी वाक्ये आपल्या घरांत इतक्या सहजपणे उच्चारली जातात की ऐकणारा "असं काय बोलता!" म्हणून पुढल्या कामाला लागतो. बहुतेक वेळा ही कृतार्थतेची किंवा थोडी लाडिक तक्रारीची भाषा असते. नातवाच्या लग्नाची तारीख निघाली की बोलावणे आपोआप लांबणीवर पडते. पण हेच वाक्य कधी धोक्याची सूचनाही असते आणि दोहोंतील फरक घरच्यांनी ओळखायला हवा. बोलणाऱ्याला अजून कशात रस आहे का, हे पाहावे. खाणेपिणे, झोप, वजन, आंघोळ यांत फरक पडला आहे का? "मी गेलो की तुम्ही सुटाल," असे स्वतःला ओझे मानणारे शब्द येतात का? औषधे नाकारली जात आहेत का, किंवा न घेता साठवली जात आहेत का? दागिन्यांची, कागदपत्रांची निरवानिरव एकाएकी सुरू झाली आहे का? यांतील काही दिसले तर स्पष्ट विचारावे: "जीव नकोसा झालाय का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार मनात नव्याने शिरतो, हा समज खरा नाही, उलट, बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये. औषधांचा साठा आणि शेतकरी घरात असाल तर कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही उपलब्ध आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांचे काय? त्यांच्या तोंडावर तर 'सेवा' या शब्दाने कुलूपच घातले आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे तीन-तीन वर्षे सर्व काही करणाऱ्या सुनेला "पुण्य लाभेल हो तुला" असे येणारा-जाणारा म्हणतो. त्यानंतर "मला थकवा आलाय, मला त्यांचा रागही येतो" हे तिने कोणत्या तोंडाने म्हणावे? मग तिचीही पाठ दुखू लागते, डोके चढते, पित्त होते. म्हणजे सासूची भाषा सून पुढे चालवते. राग येणे आणि माया असणे या दोन गोष्टी एका मनात सुखाने नांदू शकतात, हे तिला कोणीतरी, शक्य तर तिच्या नवऱ्याने किंवा नणंदेने, सांगितले पाहिजे. आणि नुसते सांगून न थांबता आठवड्यातील एक दिवस तिच्या हातातील काम काढून घेतले पाहिजे.

शरीराच्या भाषेत मन बोलते हे कळल्यावर एक उलट चूक संभवते. प्रत्येक तक्रार 'मनाचे खेळ' म्हणून झटकून टाकायची. हे तर अधिकच घातक. वृद्धांमध्ये, विशेषतः मधुमेह असताना, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. नुसता घाम, दम आणि गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच असते. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, ब१२ जीवनसत्त्वाचा अभाव, कंपवाताची सुरुवात, काही औषधांचे परिणाम हे सारे उदासीनतेचे सोंग घेऊन येऊ शकतात. तपासणी आधी, हा क्रम कधीही बदलू नये.

आणि तपासणीच्या प्रश्नावल्याही आपल्या मातीत पारखून घ्याव्या लागतात. वृद्धांमधील नैराश्य ओळखण्यासाठी १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली हो-नाही उत्तरांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात भूक, झोप, अंगदुखी यांविषयीचे प्रश्न जाणूनबुजून टाळले आहेत. कारण म्हातारपणी या तक्रारी इतर आजारांनीही होतात. हेतू योग्यच. पण नवीन काही करायला बाहेर पडण्यापेक्षा घरी राहणे आवडते का, अशा आशयाचा एक प्रश्न तिच्यात आहे. उंबऱ्याबाहेर पडायचे नाही, हे जिला आयुष्यभर शिकवले, ती आजी याला 'हो' म्हणेल, यात आजार कोणता? त्यासाठी तिला ओळखणाऱ्या माणसाने शेजारी असावे लागते.

ओळखीच्या माणसाचे महत्त्व गोव्यातील एका अभ्यासाने चांगले दाखवले आहे. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीपुढच्या १८१ स्त्री-पुरुषांची निवड केली. त्यांना नैराश्याची सौम्य लक्षणे होती, पण पूर्ण आजार जडलेला नव्हता. त्यांपैकी ९१ जणांना स्थानिक, डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी भेटी दिल्या. या भेटींत भावनांवर व्याख्याने नव्हती. अडचण कोणती आणि ती कशी सोडवायची, झोप कशी सुधारायची, मधुमेह कसा सांभाळायचा, सरकारी योजनेचा लाभ कसा मिळवायचा, अशा रोजच्या गोष्टी होत्या. वर्षभरात या गटातील ४ जणांना नैराश्याचा आजार झाला. नेहमीचेच उपचार मिळालेल्या उरलेल्या ९० जणांपैकी १३ जणांना. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पेन्शनच्या अर्जाविषयी बोलता बोलता माणूस स्वतःविषयी बोलू लागतो, हे त्या समुपदेशकांनी अचूक हेरले होते.

घरातही हेच करता येते. समोरासमोर बसवून "तुम्हाला नक्की काय होतंय ते सांगा" असे म्हटले की आपले वडीलधारे आक्रसून जातात. त्याऐवजी शेजारी बसावे आणि दोघांच्याही हातांत काही काम असावे. मटार सोलावेत, मेथी निवडावी, जुन्या फोटोंचा डबा काढावा, वाती वळाव्यात. नजरेला नजर भिडत नाही आणि हात गुंतलेले असतात तेव्हा बोलणे सुटते. जाते नसले तरी ती जागा अशी पुन्हा मांडता येते. आधी शरीराच्या तक्रारीचा मान ठेवावा, गुडघ्याला तेल लावून द्यावे आणि मग विचारावे: "हे दुखणं सुरू झालं, तेव्हा घरात काय चाललं होतं?" उत्तर लगेच येत नाही. दुसऱ्या दिवशी, भलत्याच विषयाच्या मध्ये, ते येते. "तुझे बाबा गेले त्या श्रावणापासून," एवढेच. तेव्हा सल्ला देण्याची घाई करू नये आणि "आता ते विसरा" असे तर मुळीच म्हणू नये.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे न्याल तेव्हा दोन गोष्टी करून पाहा. दुखणे केव्हा वाढते, केव्हा कमी होते, झोप किती, वजन किती घटले, कोणती सवय सुटली, हे आधीच एका कागदावर लिहून न्या. आणि तपासणी झाल्यावर औषधे आणायच्या निमित्ताने पाच मिनिटे बाहेर या. मुलासमोर, सुनेसमोर किंवा जोडीदारासमोर जे सांगता येत नाही, ते त्या पाच मिनिटांत डॉक्टरांना सांगण्यासारखे असू शकते. बाहेर आल्यावर काय बोलणे झाले, असे मात्र विचारू नका. वाटले तर चहाला घेऊन जा.